कुत्र्याला आणि मांजराला घरचं दही, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्याकडे बंड्या (देशी कुत्रा, साडेचार वर्षं, 19 किलो) आणि चिंगी (मांजर, साडेतीन किलो) आहेत, दोघंही रस्त्यावरून आलेली. एप्रिलपासून दोघांना दही देऊन बघतेय. लिहायचं ठरवलं कारण जो तो "दही द्या, पोट छान राहतं" एवढंच सांगतो, किती, कसलं आणि कधी द्यायचं नाही हे मला तरी कोणी धड सांगितलं नव्हतं.

पाडव्याला पाहुण्यांपैकी कोणीतरी प्रेमाने बंड्याला वाटीभर श्रीखंड चाटवलं आणि पुढचे तीन दिवस नुसती पातळ शी. नशीब त्यात मनुका नव्हत्या, मनुकांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. तशी त्याच्या पोटाची कटकट आधीपासून होतीच, महिन्यातून दोनदा तरी पातळ, कधी शेंबडासारखी चिकट, आणि रात्री पोटात एवढी गुडगुड की शेजारच्या खोलीत ऐकू यायची. डॉक्टरांकडे नमुना नेला, जंत निघाले, औषध झालं, पंधरा दिवसांनी परत डोस. तेव्हाच ते म्हणाले, "ताई, जेवणात साधं दही चालेल, पण खाणं म्हणून द्या, औषध म्हणून नको." हे मला तेव्हा कळलं नाही, ऑगस्टमध्ये कळलं.

आमच्याकडे म्हशीचं दूध येतं. त्यात फॅट साडेसहा-सात टक्के, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट, आणि पहिल्या दिवशी मी सायीसकट जाड कवडी दही घसघशीत वाढलं, तर संध्याकाळपर्यंत गॅसच गॅस. जास्त फॅट काही कुत्र्यांना चांगलंच बाधतं, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून आता दूध तापवून गार झालं की साय काढते आणि मग विरजण लावते. अदमुरं दही अजिबात देत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, जंतू खातात आणि त्याचं ॲसिड होतं म्हणून दही आंबट होतं, त्यामुळे नीट न लागलेल्या दह्यात बरंचसं लॅक्टोज तसंच राहतं, आणि मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्या-मांजरांना ते पचत नाही. चांगलं लागलेलं, थोडं आंबटसर दही बंड्याला सगळ्यात मानवलं.

आधी आठवडाभर चहाचा एक चमचा, मग हळूहळू पोह्याचे दोन चमचे, दुपारच्या जेवणात कालवून, त्याच्यापुढे गेले नाही. वरचं खाणं दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय, दोन चमचे दही त्यात आरामात बसतं. दहीभात दिला तर बिनमिठाचा, बिनफोडणीचा. आपल्या ताटातला उरलेला नाही, कारण त्यात कांदा-लसूण गेला असेल तर कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, मांजरांना तर जास्तच त्रास होतो. बाजारचं फळांचं, गोड दही नाहीच, आणि शुगर-फ्री असेल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) लिहिलंय का ते आधी बघा, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

फरक पडला का? तिसऱ्या आठवड्यापासून शी बांधून व्हायला लागली आणि गुडगुड खूपच कमी झाली. पण खरं सांगायचं तर त्याच सुमारास जंतांचं औषध झालेलं आणि मी चपाती-तर्री द्यायचीही बंद केलेली, त्यामुळे सगळं श्रेय दह्याला देता येत नाही. जुलैमध्ये गावी गेलो तेव्हा तीन आठवडे दही बंद होतं, तर शी चांगलीच राहिली, फक्त गुडगुड थोडी परत आली. म्हणजे दह्याचा वाटा आहे, पण छोटा. दह्यातले बरेचसे जंतू जठराच्या ॲसिडमध्येच मरतात आणि उरलेले आतड्यात फारसे टिकत नाहीत. कुत्र्यांसाठी जी प्रोबायोटिक (पोटाला चांगल्या जंतूंची) पावडर मिळते त्यात एन्टेरोकॉकस फेसियमसारखे वेगळे जंतू मोजून घातलेले असतात, त्यामुळे डॉक्टरांनी पावडर लिहून दिली असेल तर तिच्या जागी दही चालवू नका.

चिंगीचं वेगळंच. आई म्हणाली, "अगं, मांजरं दुधावरच वाढतात, तिला कशाला मोजून देतेस," आणि अर्धी वाटी ठेवली. दुसऱ्या दिवशी पातळ. दोन आठवडे थांबून, रात्रभर फडक्यात टांगलेला चक्का बोटावर घेऊन दिला, पाण्याबरोबर लॅक्टोजही बरंच निघून जातं म्हणून, तर तो पचला. पण फायदा म्हणाल तर काहीच दिसला नाही, तिचं पोट आधी जसं होतं तसंच आहे. मांजराला मांसमच्छी लागतेच, टॉरिन नावाचं तिला आवश्यक असलेलं द्रव्य त्यातूनच मिळतं, दह्याने ती गरज भागत नाही. आता आठवड्यातून एकदा आवडीने चाटते म्हणून बोटभर देते, बस.

आता ऑगस्टचं. पावसात बंड्याला गोचिड्या लागल्या होत्या, मी काढत होते, तरी एक दिवस तो खायचाच थांबला, नुसता कोपऱ्यात पडून. मला वाटलं पोट बिघडलंय, दोन दिवस दहीभात भरवत बसले. तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढुरक्या दिसल्या तेव्हा पळवत नेलं, रक्त तपासलं तर प्लेटलेट फक्त 42 हजार, निदान टिक फिव्हर, म्हणजे गोचिड्यांमुळे होणारा ताप. ते दोन दिवस मी दह्याच्या भरवशावर घालवले याचं अजून वाईट वाटतं. डॉक्सीसायक्लिन 28 दिवस चाललं, आणि तेव्हा नवीन गोष्ट कळली ती ही की गोळी दह्यात लपवून द्यायची नाही. दह्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. म्हणून गोळी सकाळी आणि रात्री उकडलेल्या चिकनमध्ये, दही फक्त दुपारी, मधे भरपूर अंतर. चिंगीला कधी हीच गोळी द्यावी लागली तर वर लगेच सिरिंजने थोडं पाणी पाजायला सांगितलंय, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते.

बंड्या आता ठणठणीत आहे, वजन परत 19 वर आलंय. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका मुलाने विचारलं, ताई, माझं दोन महिन्यांचं पिल्लू उलट्या-जुलाब करतंय, किती दही देऊ? मी म्हटलं एक चमचाही नको, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने, आणि त्याच्याबरोबर गेलेसुद्धा. पार्व्हो निघाला, पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. चार दिवस सलाईन लावलं, आता पिल्लू आमच्या फाटकाशी येऊन बंड्याचं शेपूट ओढतं.