वार सांगणारं घड्याळ: दोन वर्षं वापरल्यानंतर

वीज मंडळात मीटर तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे घरात नवं यंत्र आलं की आधी मी त्याचा प्लग काढून, पुन्हा लावून, मागचं झाकण उघडून बघतो. हे घड्याळही तसंच बघितलं. घेतलं मात्र हिच्यासाठी. ही 74 वर्षांची आहे आणि 2021 पासून हिला अल्झायमर आहे.

घड्याळ म्हणजे आठ इंची पडदा, काळ्यावर पांढरी ठळक अक्षरं. सगळ्यात वर वार, त्याखाली सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र यांतला एक शब्द, मग वेळ, शेवटी तारीख आणि महिना. काहीच आखूड केलेलं नाही, सगळं पूर्ण लिहिलेलं. विसरायचा आजार असलेल्यांसाठीच ही घड्याळं बनवतात. मला ऑनलाइन तेवीसशेला पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्याची घड्याळं निरनिराळ्या नावांनी विकली जातात.

घड्याळाची गरज का पडली, ते आधी सांगतो. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी हिची तोंडी परीक्षा घेतली. ही चाचणी 30 गुणांची असते. त्यातले 5 गुण साल, ऋतू, महिना, तारीख आणि वार यांचे, आणि आपण कुठे बसलो आहोत याचे आणखी 5. हिनं एकतीस वर्षं मराठी शाळेत प्राथमिकचे वर्ग घेतले. रोज सकाळी फळ्यावर वार-तारीख स्वतःच्या हातानं लिहिली. त्या खुर्चीत बसून ती 'वार... वार...' करत माझ्याकडे बघत राहिली. फळ्यापाशी उभं केलेलं पोर उत्तर येत नसलं की बाईंकडे बघतं ना, तशी.

(चाचणीच्या जोडीनं बी 12 आणि थायरॉइडचं रक्त तपासलं होतं. त्यात बिघाड असला तरी माणूस विसरायला लागतो, आणि तो बिघाड औषधानं सुधारता येतो. 'वय झालं की विसरायला होतंच' म्हणत आम्ही वर्षभर घरी बसलो होतो. तसं बसू नका.)

निदान झालं आणि मग घरीदारी सगळ्यांनीच हिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. कोणी आलं की 'ओळखलंस का? सांग बघू मी कोण?' मायेनंच विचारतात, पण उत्तर आलं नाही की हिचा चेहरा पडतो आणि तो दिवसभर तसाच राहतो. कशानं पडला ते ती विसरते, पण पडलेला असतो. मीही यातून सुटलो नव्हतो. मेंदूला व्यायाम म्हणून रोज चहाच्या वेळी 'आज वार कोणता?' विचारायचो. या आजारात नवी गोष्ट मनात नीट टिकत नाही, पण वाचता बराच काळ येतं, हे मला उशिरा कळलं. वाचायला काही आठवावं लागत नाही. या घड्याळाचा सगळा उपयोग एवढ्यावरच उभा आहे.

माझा धाकटा भाऊ मागच्या वर्षी आला आणि नेहमीसारखं म्हणाला, "वहिनी, सांगा बघू आज वार कोणता?" हिनं मान वळवून घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "गुरुवार. तुम्ही दत्ताला जाऊन आलात का?" तो गप्प बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

सगळ्यात मोठा उपयोग रात्रीचा. पूर्वी ही तीन वाजता उठायची, साडी बदलायची, पिशवी खांद्याला लावायची आणि दाराशी जाऊन म्हणायची, "अहो, उशीर होतोय, पहिली घंटा झाली असेल." आता उठली की समोर 'रात्र' दिसतं. दहापैकी सहा-सात वेळा ती ते मोठ्यानं वाचते आणि परत आडवी होते. बाकीच्या रात्रींसाठी दाराला एक पाटी लावली आहे: 'आज शाळेला सुट्टी.' खोटं लिहिताना वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही. अंधारात पडदा आपोआप मंद होतो, तेवढा मंदपणा बरोबर आहे.

आता उणिवा.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे भाषा. यादीत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि आणखी चार-पाच होत्या. मराठी नाही, हिंदी नाही, गुजरातीही नाही. साठीच्या पुढचे सुमारे 88 लाख लोक भारतात स्मृतिभ्रंशानं आजारी आहेत, असा अंदाज 2023 साली छापून आला होता, आणि हे घड्याळ त्यांतल्या कुणाशीच त्याच्या भाषेत बोलत नाही. हिला इंग्रजी येतं, पण 'नाइट' वाचून तिचा हात पिशवीवरून सुटत नव्हता. वर 'रात्र' लिहिलं ते घड्याळानं दाखवलेलं नाही. मी चार पुठ्ठ्यांवर मराठी शब्द रंगवले आणि पडद्याच्या त्या ओळीपुढे अडकवले. दिवसातून चारदा बदलतो, आणि रात्रीच्या पुठ्ठ्यात अक्षरं कोरून काढली आहेत, म्हणजे मागचा उजेड त्यातून येतो. वारांचे सात पुठ्ठेही केले होते आणि ते बदलायचं काम हिच्याकडे दिलं होतं, हाताला चाळा म्हणून. एका मंगळवारी तिनं ते तीनदा बदलले, शनिवार आणून ठेवला आणि दिवसभर उपास धरला. तेव्हापासून वारही मीच बदलतो, ती झोपल्यावर.

दुसरं म्हणजे, सहा वाजले की हे घड्याळ संध्याकाळ दाखवतं आणि ते बदलायची सोय नाही. आमच्या बडोद्यात मे महिन्यात सात वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. ही खिडकीकडे बोट दाखवून म्हणायची, "ऊन तर आहे." तिचंच बरोबर होतं. दिवस कलला की या आजारात बेचैनी वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी घड्याळ आणि खिडकी एकमेकांविरुद्ध बोलतात.

तिसरं, वीज गेली की आतला बटन-सेल वेळ सांभाळतो, पण पडदा काळा होतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी चढलं तेव्हा कारेलीबाग भागात आमची वीज दोन दिवस नव्हती. खाली पाणी, घरात अंधार, बाहेर माणसांचा गलका आणि समोर काळा चौकोन. ही सारखी त्या चौकोनासमोर जाऊन उभी राहायची. पाणी ओसरल्यावर मी उपाय केला: घड्याळ पाच व्होल्टवर चालतं, तेव्हा मोबाइलची पॉवर बँक मध्ये जोडली. आता वीज गेली तरी रात्रभर चालतं. कंपनीनं हे आत बसवून द्यायला किती खर्च आला असता?

औषधाची आठवण देणारी घंटा आहे, ती बंदच ठेवा. पहिल्या दिवशी हिच्या हातातला पेला पडला.

काटे नाहीत, याचाही सुरुवातीला त्रास झाला. कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळापुढे दरवर्षी तिसरीची पोरं उभी करून हिनं मोठा काटा, लहान काटा शिकवला होता. "याला काटे कुठेत?" असं आठवडाभर विचारत होती. मग हळूहळू सवय झाली, आणि तेवढ्यासाठीच सांगतो की घ्यायचं असेल तर आजार सुरुवातीच्या पायरीवर असतानाच घ्या. कुठे बघायचं ही सवय मुरायला वेळ लागतो, आणि पुढे तो वेळ मिळत नाही. भिंतीवर उंच टांगू नका. पलंगावर कुशीवर झोपलेल्या माणसाला थेट दिसेल एवढ्या उंचीवर, खिडकीची चकाकी येणार नाही असं ठेवा. शेजारी आम्ही कालनिर्णय लावलं आहे, कारण हिच्या मनातला काळ तारखांचा नाही, चतुर्थी-एकादशीचा आहे आणि ते या घड्याळाला ठाऊक नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. मराठी असती तर साडेचार दिले असते.

दोन महिन्यांपासून तारीख आणि महिना वाचताना ही अडखळते आणि अडखळली की चिडते. म्हणून मी खालच्या ओळीवर काळी चिकटपट्टी लावली आहे. परवा आकड्यांवरही लावली. आता वर वाराचा पुठ्ठा आणि खाली 'सकाळ' किंवा 'रात्र', एवढंच उरलं आहे. ते ती अजून वाचते.