चोथा उघडून बघा

म्हापशाच्या बाजारात आमचं हॉटेल आहे. आठ बाकडी, भाजी-पाव, बन्स, मिरची भजी आणि दिवसाला साडेतीनशेच्या आसपास चहा. शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, मोजायला वेळ नसतो. बावीस वर्षं चहा मीच टाकतो. सीटीसीचा मोठा दाणा दोन भाग, डस्ट एक भाग, ठेचलेलं आलं, पावसाळ्यात गवती चहाची दोन पाती. किलोला 340 रुपयांच्या वरची पावडर मी कधी घेतली नाही आणि चहात काही कमी आहे असं कुणी म्हटलंही नाही.

गेल्या महिन्यात धाकटी पणजीहून एक खोकं घेऊन आली. अठरा जून रस्त्यामागच्या गल्लीत सुट्या पानांच्या चहाचं दुकान निघालंय, तिथलं. दहा पुड्या, प्रत्येकी 20 ग्रॅम, सगळे मिळून 1,850 रुपये. मी आधी हिशेब केला. किलोला 9,250. कपाला चार ग्रॅम धरले तर नुसत्या पानांचेच 37 रुपये झाले. आमच्याकडे दूध, साखर, गॅस, पोराचा पगार सगळं धरून चहा 15 ला. "बाबा, आधी प्या, मग हिशेब करा," ती म्हणाली. प्यायलो. आठ दिवस, रोज दुपारी तीन ते चार, बाकडी रिकामी असतात तेव्हा.

कसा प्यायलो ते आधी सांगतो, नाहीतर उगाच चहाला नावं ठेवल्यासारखं होईल. चहा चाखणाऱ्यांसाठी आयएसओ 3103 नावाचं प्रमाण आहे. शंभर मिली उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं. असा चहा पिण्यालायक होत नाही, कडू होतो. पण तो प्यायचा नसतोच, त्यातली खोट बाहेर काढायची असते. प्रत्येक पुडीचा पहिला कप मी असा केला आणि दुसरा माणसाने प्यावा तसा, तीन मिनिटांचा. तोलायला मसाल्याचा छोटा काटा होता. पाणी घरच्या विहिरीचं नेलं, कारण पहिल्या दिवशी हॉटेलातल्या अस्नोड्याच्या नळाच्या पाण्यात केला तर चहाच्या आधी क्लोरिनचा वास नाकात शिरला. दुधाच्या चहात तो मला बावीस वर्षांत कळला नव्हता. चाखताना भुरका मारायचा असतो, हवा आत गेली की वास टाळूमागून नाकात चढतो. हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमची अर्धी गिऱ्हाइकं बशीतून तशीच पितात.

पहिली पुडी दार्जिलिंग, फर्स्ट फ्लश. थंडीत झाड निजलेलं असतं, फेब्रुवारीच्या अखेरीला जागं होतं, आणि तेव्हापासून एप्रिलपर्यंत जी पहिली कोवळी पानं खुडतात तो हा चहा. पुडीवर एसएफटीजीएफओपी-1 अशी आगगाडी. त्यातल्या ओपीचा अर्थ ऑरेंज पिको, पण संत्र्याशी काही नातं नाही, पानाच्या प्रतीची ती नावं. व्यापारातलेच लोक म्हणे एफटीजीएफओपीचा अर्थ थट्टेने 'फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल' असा लावतात. आमच्याकडचे ऑर्डिनरी पीपल म्हणजे कदंब बसचे एक निवृत्त ड्रायव्हर, रोज तीनला येणारे. त्यांच्यापुढे कप ठेवला. त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "शेट, हें गरम उदक कित्याक दिलां?"

रंग खरंच तेवढाच, पाणी घातलेल्या उसाच्या रसासारखा. पण वास घेतला तर वालाची ताजी शेंग मोडल्यासारखा, आणि त्याच्या मागून कसल्यातरी फुलाचा. तीन मिनिटांचा कप हलका, गोडसर. सहा मिनिटांच्या कपाने मात्र जीभ अशी आवळली की पिकायच्या आधीच काजूचा बोंडू चावल्यासारखं वाटलं.

मग मी चोथा पांढऱ्या बशीत ओतला आणि काडीने एकेक पान उलगडायला लागलो. सुकलेली सुरळी होती, तिची पुन्हा दोन पानं झाली होती, मध्ये मिटलेली कळी, खाली खुडलेला देठ. कडेचे दाते मोजता आले असते. माझ्या पावडरीचा चोथा मी रोज बादलीने माडाच्या मुळात ओततो. ते कधीकाळी पान होतं हे डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक पुडीचा चोथा उघडून बघितला, आणि खरं सांगायचं तर पुढचा अर्धा निकाल त्या बशीतच लागला.

यावरून आमच्या दाण्याला कुणी नाक मुरडू नये. पान दातेरी रुळांमधून चिरडायचं, फाडायचं, वळायचं, ही सीटीसीची युक्ती 1930च्या दशकात आसामात निघाली, आणि तिच्यामुळेच दोन मिनिटांत दुधाला पुरून उरणारा रंग मिळतो. धाकटीच्या हट्टापायी मी फर्स्ट फ्लशमध्ये दूध घालून पाहिलं. राखेचं पाणी झालं.

सेकंड फ्लश, तेच दार्जिलिंग पण मे-जूनचं, हा मला या खोक्यातला सर्वांत आवडलेला चहा. रंग तांबूस, वास पिकल्या द्राक्षासारखा, मध आणि थोडं लाकूड. याला मस्कटेल म्हणतात. तो वास येतो कुठून हे कळल्यावर मी ओरडलोच. तुडतुड्यांमुळे! आमच्या आंब्याच्या मोहोराची वाट लावतात त्यांचेच हे भाऊबंद. तिथे ते कोवळी पानं शोषतात, झाड बचावासाठी काही द्रव्यं सोडतं, आणि ती पानं सुकवून केलेल्या चहाला हा गंध चढतो. तुडतुड्यांवर फवारणी करता करता आयुष्य गेलेल्या माझ्या मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग आमच्या आंब्यांना का नाही रे चढत?" चोथ्यात काही पानं कडेने करपल्यासारखी वाकडी होती. सहा मिनिटांच्या कपातही हा चहा सरळ राहिला, नुसता गडद झाला. दार्जिलिंगला 2004 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या देशातलं ते पहिलं. उगाच नाही मिळालं.

आसामचं पान याच्या दीडपट मोठं निघालं, तिथली जातच मोठ्या पानाची. सोनेरी टोकं मिसळलेला, पाण्यात पडल्या पडल्या लालभडक. वर्णनात 'माल्टी' लिहिलंय. आमच्या घरच्या शब्दांत सांगायचं तर नाचणीचं तिजण गूळ घालून शिजत असताना येतो तो वास. दूध सोसणारा यातला हा एकच, आणि सकाळच्या पावासोबत प्यायला लावाल तर मी हाच घेईन.

निलगिरीचा चहा पहिल्या घोटाला मला साधा वाटला. स्वच्छ, थोडा लिंबाच्या फुलासारखा, पुढे काही नाही. मी पुस्तीत 'बरा' एवढंच लिहिलं. मग एक प्रयोग केला, उरलेला आसाम आणि निलगिरी दोन ग्लासांत भरून फ्रिजमध्ये ठेवले. तासाभराने बघतो तर आसामचा ग्लास गढूळ, पहिल्या पुराच्या नदीसारखा. चहा थंड झाला की त्यातलं टॅनिन आणि कॅफिन एकमेकांना धरून बसतात, म्हणून असं होतं. निलगिरी मात्र आरपार दिसत होता. त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ टाकून मेच्या दुपारी प्यायलो. 'बरा' खोडला.

कांगड्याच्या हिरव्या चहावर माझ्या हातून अन्याय झाला. हिमाचलातल्या या चहाचं 1905च्या भूकंपाने कंबरडं मोडलं होतं, त्यातून तो टिकला, पण माझ्या खणातून टिकला नाही. पुडीला चिमटा न लावता मी ती माशांच्या कालवणात घालतात त्या तेफळांच्या डब्याशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी कपात हिरवा चहा कमी आणि बांगड्याचं हुमण जास्त. चहा शेजारच्याचा वास किती पटकन घेतो ते यापेक्षा चांगलं कुणी शिकवू शकणार नाही. गुण देत नाही.

चीनच्या लापसांग सूचाँगबद्दलही थोडक्यात. पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला चहा. मला दोन घोटांच्या पुढे गेला नाही. आई चौऱ्याऐंशीची. तिने पूर्ण कप संपवला आणि म्हणाली, "चुलीवरचा आहे हो हा. ओली लाकडं घातली की असाच व्हायचा." उरलेली पुडी तिच्या खोलीत गेली.

आता सुगंधी चहा, म्हणजे खोक्याचा सर्वांत महागडा भाग. पुडी उघडली की खोली भरते. आणि इथेच बशी कामाला येते.

अर्ल ग्रेचा वास मला एकदम ओळखीचा वाटला. चतुर्थीला गणपतीवरच्या माटोळीला तोरिंगां, म्हणजे लिंबाच्या जातीची मोठी फळं, बांधताना सालीला नख लागतं, तसा. तो बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा, फळ मुख्यतः दक्षिण इटलीतल्या कालाब्रियात होतं. पहिला घोट छान. तिसऱ्या घोटाला मागे चहा नाहीच हे कळलं, नुसतं तेल. चोथ्यात पान म्हणून एक नाही, सगळा चुरा. आमच्या डस्टपेक्षा दोन पायऱ्या वर असेल. म्हणजे 340च्या भावातल्या मालाला अत्तर लावून 9,250 घेतले.

मसाला चहाच्या पुडीत वेलचीच्या साली, दालचिनीचे तुकडे, मिरी, आणि वर लवंगेचं तेल, इतकं की कप दंतवैद्याच्या खुर्चीची आठवण करून देतो. सोबतच्या चिठ्ठीवर 'तीन मिनिटं गरम पाण्यात भिजवा'. मसाला भिजवून उतरत नाही हो, उकळावा लागतो. आणि आलं सुकं! गोव्यात बसून सुक्या आल्याचा चहा मी पिणार नाही, माझ्या हॉटेलची शपथ.

मोगऱ्याचा हिरवा चहा मात्र खरा निघाला. जस्मिन म्हणतात म्हणून मला वाटलं होतं म्हार्दोळच्या जाईच्या फुलांसारखा वास असेल, पण हे मोगऱ्याच्या जातीचं फूल. ते करण्याची रीत मला फार आवडली. कळ्या दुपारी खुडायच्या, त्या संध्याकाळी उमलायला लागल्या की चहाच्या थरांत रात्रभर घालायच्या, सकाळी फुलं चाळून काढायची. चांगल्या मालाला हे पुन्हा पुन्हा करतात. म्हणजे खरा वास चहात असतो, पाकळ्यांत उरतच नाही, पाकळ्या भरपूर दिसल्या तर हुरळू नका. बाजारात गजरेवाल्या बायका ओल्या फडक्याखाली कळ्या ठेवतात, त्यांना मी हे सांगितलं. एक म्हणाली, "चहात घालून फेकतात? आणि ती फुलं घेतं कोण?" चोथ्यात पानं अख्खी होती, आणि दुसऱ्यांदा पाणी ओतलं तरी वास शिल्लक होता. तेल मारलेल्या चहाचा पहिल्याच पाण्यात धुऊन जातो. या चहाला उकळतं पाणी मात्र नको. पाणी उकळलं की दोन भांड्यांत एकदा इकडून तिकडे करा आणि चार मिनिटं थांबा, मग ओता.

राहिली दहावी पुडी. गोव्याच्या नावाचा मिश्र चहा. अननसाचे तुकडे, झेंडूच्या पाकळ्या, वाळलेलं खोबरं. खोबरं पावसाळ्यात काय होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खवट. तोंडात धरवेना. कोकमाची दोन सोलं टाकली असती तरी गोवा म्हणता आलं असतं!

सोमवारी हॉटेल अर्धा दिवस बंद असतं, मी स्वतः पणजीला गेलो. दुकान देखणं आहे, बसायला छान, पोरगा नम्र. खवट पुडी दाखवली तर त्याने वाद न घालता दुसऱ्या चहाचे 20 ग्रॅम दिले, त्याचे गुण देतो. पण चहा सगळा काचेच्या बरण्यांत, आणि बरण्या रस्त्याकडच्या खिडकीत, उन्हात. गिऱ्हाइकाला वास द्यायला झाकण दिवसातून पन्नासदा उघडायचं. उजेड, हवा, दमट, तिन्ही शत्रू त्याने आपणहून दुकानात घेतलेत. मी म्हटलं, बाबा, स्टीलचे डबे आण, बरण्यांत नमुन्याला मूठभर ठेव. तो "हो अंकल" म्हणाला. तीन आठवड्यांनी धाकटी बघून आली, बरण्या तिथेच.

तरी मी 50 ग्रॅम सेकंड फ्लश 560 ला आणि 100 ग्रॅम निलगिरी 380 ला घेऊन आलो. आतल्या बंद डब्यातला दे म्हणून सांगितलं, तो त्याने दिला. मोगरा पुढच्या खेपेला, पाऊस सरल्यावर.

परवा तीनला ड्रायव्हरबाब आले. बाकड्यावर टोपी ठेवली आणि हळूच विचारलं, "शेट, तें तुडतुड्यांचें उरलां?" केला एक कप, विहिरीच्या पाण्यात, साडेतीन मिनिटं. त्यांनी बशीत ओतला, भुरका मारला, थोडा वेळ गप्प बसले. मग साखर मागितली. दोन चमचे दिली.