२२-२५० कस्टम वार्मिंट रायफल: १४ महिने आणि फुकट गेलेल्या ४०० गोळ्या

२२-२५० म्हणजे काडतुसाचं माप, वार्मिंट रायफल म्हणजे शेता-कुरणाला त्रास देणारी छोटी जनावरं मारायची. सेटअप एका ओळीत सांगतो. रेमिंग्टन ७०० ची शॉर्ट ॲक्शन (बोल्ट असतो तो मधला भाग), २६ इंची जाड स्टेनलेस बॅरल, १४ ला एक ट्विस्ट (आतल्या पिळाचा १४ इंचात एक फेरा), फायबरग्लास स्टॉक (दस्ता), बेडिंग करून घेतलेलं म्हणजे ॲक्शन त्यात फिट बसवलेली, वर टू-पीस बेस, म्हणजे स्कोपच्या रिंगा ज्यावर बसतात त्या पुढच्या-मागच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी दोन स्क्रूंवर. ती बनवणाऱ्या गनस्मिथचं नाव देत नाही, का ते पुढे कळेल. मी राहतो फोर्ट कॉलिन्सला आणि रायफलचा वापर एकच, तासाभरावर वायोमिंगमधल्या एका रँचवर प्रेअरी डॉग (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) मारणं. रँचवाला म्हातारा म्हणतो गुरांचं गवत संपवतात, आणि त्याचा तो वैताग मला पटकन कळतो कारण आमच्या सासऱ्यांचं रानडुकरांबद्दल शब्दन् शब्द हेच म्हणणं असतं. सासऱ्यांना रायफलची किंमत सांगितली तर फोनवर जरा शांतता, मग "जावईबापू, एवढ्यात सगळ्या रानाला ठिबक झालं असतं."

पहिले दोन महिने काही बोलायलाच नको. १०० यार्डावर पाच गोळ्या मारा, क्वार्टरचं नाणं ठेवा, सगळी भोकं झाकली जायची. मग मे संपता संपता एक दिवस तीन गोळ्या एका जागी आणि दोन सव्वा इंच वर उजवीकडे. वाटलं वारा असेल, वायोमिंगमध्ये वाऱ्यावर काहीही ढकलता येतं. पुढच्या शनिवारी एकदम झकास ग्रुप (सगळी भोकं जवळजवळ), त्याच्या पुढच्या शनिवारी परत ग्रुपचे दोन तुकडे. कायम वाईट मारली असती तर सोपं होतं हो, एकदा ठीक एकदा बेकार यानेच माणूस वेडा होतो.

मग सुरू झाला तपास. नळीत गोळ्यांचं तांबं बसलं असेल म्हणून सॉल्व्हंट घातलं, पुसायचे कापडी पॅच निळे निघाले म्हणजे तांबं होतं, पार पांढरा येईपर्यंत घासलं, तर पहिल्या चार-पाच गोळ्या आणखीनच भरकटल्या कारण एवढी कोरडी स्वच्छ नळी या बॅरलला आवडत नाही. डॉलरची नोट स्टॉक आणि बॅरलच्या मधून सरकवली, अलगद ॲक्शनपर्यंत गेली, म्हणजे फ्लोट ठीक, बॅरल स्टॉकला कुठे टेकत नाही. ॲक्शन स्क्रू ६५ इंच-पाउंडला (घट्टपणाचं माप) घट्ट. पावडर बदलली, बुलेट ५५ ग्रेनचीच (साडेतीन ग्रॅमची) ठेवून सीटिंग डेप्थ म्हणजे ती काडतुसात किती आत बसते ते बदललं, शेवटी जीवावर उदार होऊन फॅक्टरीचे दोन बॉक्स आणले, तरी तेच. गनस्मिथ म्हणाला दोष तुझ्या रीलोडिंगचा, म्हणजे घरी काडतुसं भरण्याचा. मग म्हणाला तू ट्रिगर झटकतोस. शेवटी रायफल पाठवली, तीन आठवडे ठेवून घेतली आणि सोबत अर्ध्या इंचाच्या ग्रुपचा कागद आला. तीन गोळ्यांचा! अरे तीन गोळ्या तर माझ्यापण कधीकधी एका भोकात जातात, मला रडायचं होतं ते चौथी आणि पाचवीचं.

मग स्कोपवर संशय. कंपनीकडे पाठवला, "दोष आढळला नाही" असं पत्र घेऊन परत आला. मित्राचा स्कोप त्याच्या रिंगांसकट उसना लावला, तरी दोन तुकडे, म्हणून मी जाहीर करून टाकलं की स्कोपचा भाग निर्दोष. इथे मी गाढवपणा केला. स्कोप बदलला, रिंगा बदलल्या, पण खालचे बेस तेच होते, आणि हे टाळक्यात शिरायला ऑक्टोबर उजाडला.

पुढच्या बेसचा मागचा स्क्रू काढला आणि फक्त पुढचा घट्ट ठेवला. टॉर्क रेंच २० इंच-पाउंडला प्रामाणिकपणे 'टक' म्हणाला. आणि बेस बोटाने हलला! सगळ्यात पुढचा स्क्रू आखूड लागतो कारण त्या भोकाच्या तळाशी बॅरलचे आटे येतात. इथे होता लांब. त्यामुळे तो बेसला दाबतच नव्हता, खाली बॅरलवर टेकून घट्ट झाल्याचं सोंग करत होता आणि बेस एकाच स्क्रूवर डोलत होता. बाहेर काढला तर टोकाला चकचकीत चपटा चट्टा. कानशीने दीड आटा घासला, कडा साफ केली, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), दहा मिनिटांचं काम. त्या रविवारी पाच-पाचचे चार ग्रुप, सगळ्यात मोठा ०.७ इंच.

आनंद व्हायला हवा होता. पण मी घरी येऊन वही काढली. मे ते ऑक्टोबर ४०० च्या वर गोळ्या नुसत्या तपासात गेल्या. २२-२५० घसा, म्हणजे नळीची काडतुसाकडची सुरुवात, खाते हे काही नवीन नाही, ५५ ग्रेन सेकंदाला ३,६०० फुटांनी पळवायची म्हणजे जळणारच, आणि मी या बॅरलचं चांगलं आयुष्य १,५०० गोळ्या धरून चाललो होतो. म्हणजे पाव बॅरल एका स्क्रूने खाल्लं. प्रायमर, पावडर, पेट्रोल वेगळंच. बायको म्हणते सोड आता. नाही सुटत.

इथपर्यंत लिहून गनस्मिथला दोन स्टार द्यायचे पक्के केले होते, पण काल थ्रेडलॉकरची बाटली ठेवताना आठवलं की मे महिन्यात मीच एकदा बेस उघडले होते. तेल पुसायला. चारही स्क्रू मुखवासाच्या डब्याच्या झाकणात टाकले होते आणि कुठला कुठे गेला ते बघितलं नव्हतं. दुसऱ्या तीन भोकांतला एखादा आखूड आहे का ते तपासलं तर हो, मागच्या बेसमध्ये एक निघाला. जेमतेम तीन आट्यांवर धरून बसला होता बिचारा. आता बोला.

तर चार स्टार. एक कापलाय तो रायफल परत पाठवली तेव्हा बेस न तपासल्याबद्दल, कारण तीन आठवडे ती त्याच्याकडे होती, माझा मुखवासाचा डबा नव्हता. ट्रिगर आणि स्टॉकबद्दल तक्रार शून्य. उन्हाळ्यात दहा गोळ्या भरभर मारल्या की बॅरलवरून झळा उठतात आणि क्रॉसहेअर पोहायला लागतात, तो दोष रायफलचा नाही, थांबायचं आणि पाणी प्यायचं. स्क्रूचं नवीन पाकीट आणलंय, आखूड वेगळा काढून नखपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. नखपॉलिश बायकोचं, तिला अजून सांगितलेलं नाही.