स्पोर्ट्स कार रिपेअर होऊन आली, आता डिमिनिश्ड व्हॅल्यू कुठल्या रस्त्याने मागायची?

इथे अमेरिकेत कोणीतरी सिग्नलला मागून येऊन तुमच्या कॉर्वेटला किंवा पोर्श ९११ ला ठोकलं, गाडी चांगल्या सर्टिफाइड बॉडी शॉपमधून नीट होऊन आली, पेंट मॅच झाला, अलाइनमेंट झालं, तरी कारफॅक्स आणि ऑटोचेक या गाडीचा इतिहास दाखवणाऱ्या सेवांवर अपघाताची नोंद एकदा बसली की विकताना किंमत कमीच येणार. अपघाताआधीची किंमत आणि व्यवस्थित रिपेअरनंतरची किंमत, यातला जो फरक तोच डिमिनिश्ड व्हॅल्यू, बोलताना सगळे डीव्हीच म्हणतात. साध्या सेडानमध्ये हा फरक सोडून देणारे बरेच असतात, पण स्पोर्ट्स कारमध्ये सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण या गाड्या घेणारा माणूस पेंटची जाडी मोजायचं मीटर घेऊनच येतो आणि अपघात झालेली गाडी असली की एकतर निघून जातो नाहीतर भाव पाडतो.

ज्यांची गाडी सध्या शॉपमध्ये आहे किंवा नुकतीच घरी आलीय त्यांनी कुठला रस्ता घ्यावा, त्यासाठी हे लिहितोय.

आधी हे बघा, मागायचं कोणाकडे

स्वतःच्या इन्शुरन्सकडे की समोरच्याच्या, या एका गोष्टीवर अर्धा निकाल लागतो. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या लायबिलिटी इन्शुरन्सवर, म्हणजे त्याने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणाऱ्या विम्यावर, क्लेम टाकायचा, कारण नुकसान करणाऱ्याने भरपाई द्यायची हे तत्त्व आहे आणि रिपेअर करूनही किंमत उतरत असेल तर ती उतरलेली किंमतही नुकसानीतच धरायची हे बहुतेक राज्यांत मान्य आहे. स्वतःच्या कोलिजन कव्हरेजचं, म्हणजे आपल्याच गाडीचं धडकेतलं नुकसान भरणाऱ्या विम्याचं, तसं नाही, तिथे तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय तेवढंच मिळतं आणि आजकालच्या बऱ्याच पॉलिसींत डीव्ही मिळणार नाही असं सरळ लिहिलेलं असतं. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये शेफर केसमध्ये हेच सांगितलं, की कंपनीने गाडी नीट रिपेअर करून दिली की तिचं काम संपलं, उतरलेली किंमत स्वतःच्या पॉलिसीतून मागता येणार नाही. मोठा अपवाद जॉर्जियाचा, तिथे २००१ च्या मॅब्री केसपासून स्वतःच्या कंपनीलाही डीव्हीचा हिशोब करावा लागतो, म्हणजे जॉर्जियात राहणाऱ्याला चूक स्वतःची असली तरी रस्ता उघडा असतो. मिशिगनमध्ये नेमकं उलटं, नो-फॉल्ट म्हणजे चूक कोणाचीही असली तरी आपलं नुकसान आपल्याच विम्यातून, म्हणून समोरच्याकडून गाडीच्या नुकसानीपोटी मिनी-टॉर्ट नावाच्या तरतुदीखाली फार तर ३,००० डॉलर, त्यामुळे तिथे महागड्या गाडीच्या डीव्हीचा विषय जवळपास तिथेच संपतो.

आणखी एक, चूक थोडी तुमचीही ठरली तर काय हेही राज्यावर आहे. कॅलिफोर्नियात तुमच्या चुकीच्या टक्क्याएवढी रक्कम कापली जाते, पण नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, मेरीलँड आणि अलाबामात थोडीशी चूक जरी तुमच्या नावावर लागली तरी क्लेम पूर्ण जाऊ शकतो. तिथे अ‍ॅडजस्टरशी, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाशी, फोनवर बोलताना "मी पण जरा जोरातच होतो" असलं काही बोलून जाऊ नका, डॅशकॅमचं रेकॉर्डिंग असेल तर ते आधी कॉपी करून ठेवा.

लिमिट, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं

स्पोर्ट्स कारवाल्याने सगळ्यात आधी हे विचारायला हवं, की समोरच्याच्या पॉलिसीत प्रॉपर्टी डॅमेजचं लिमिट किती, म्हणजे त्याची कंपनी नुकसानीपोटी जास्तीत जास्त किती देईल. कॅलिफोर्नियात हे किमान लिमिट कित्येक वर्षं फक्त ५,००० डॉलर होतं, १ जानेवारी २०२५ पासून १५,००० झालं. फ्लोरिडात १०,०००, टेक्सासमध्ये २५,०००. आता समजा तुमच्या गाडीचं रिपेअर ३८,००० चं आहे, मागचा सबफ्रेम, सेन्सर्स, दोन चाकं, रंग, एवढं झालं की आकडा तिथे सहज जातो, आणि समोरच्याकडे १५,००० चंच लिमिट आहे, तर तुम्ही कितीही भारी रिपोर्ट आणला तरी त्या कंपनीकडून डीव्हीसाठी एक डॉलर उरत नाही.

लिमिट ५०,००० असेल तर मात्र गोष्ट वेगळी, रिपेअर वजा जाता १२,००० उरतात, पण यात एक गुंता आहे तो नीट समजून घ्या. रिपेअर लवकर व्हावं म्हणून तुम्ही स्वतःच्या कोलिजनमधून केलंत, जे मी स्वतः बऱ्याचदा सुचवतो कारण आपली कंपनी बॉडी शॉपबद्दल कमी वाद घालते, तर नंतर तुमची कंपनी तो खर्च समोरच्याच्या कंपनीकडून वसूल करायला जाते आणि तीही त्याच ५०,००० मधून घेते. भाड्याची गाडी, रस्त्याच्या रेलिंगचं नुकसान, तिसरी एखादी गाडी असेल तर तिचं रिपेअर, सगळं त्याच पोत्यातून. म्हणून रिपेअर चालू असतानाच समोरच्याच्या कंपनीला लेखी कळवून टाका की माझा डीव्हीचा क्लेम येणार आहे, आकडा नंतर देईन. लिमिट किती ते विचाराही, प्रत्येक कंपनी सांगेलच असं नाही पण विचारायला काही लागत नाही. रिपेअर स्वतःच्या कंपनीतून केलं म्हणून समोरच्याकडून डीव्ही मागायचा हक्क जात नाही, हे मुद्दाम सांगतोय कारण हा गैरसमज खूप पसरलाय.

लिमिट संपलंच तर उरतो तो ड्रायव्हर स्वतः, त्याच्यावर केस करता येते, पण किमान लिमिटवर गाडी चालवणाऱ्याकडून वसुली होणं अवघड असतं हे धरूनच चाला. काही राज्यांत तुमच्या पॉलिसीत अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं, म्हणजे विमा नसलेल्या ड्रायव्हरने केलेल्या नुकसानीचं, प्रॉपर्टी डॅमेज कव्हर असतं, त्यात डीव्ही बसतो का ते पॉलिसी उघडून वाचा.

कंपनीची पहिली ऑफर घ्यायची का

कंपनी बऱ्याचदा एक आकडा काढून देते, आणि तो बहुतेक वेळा सेव्हनटीन-सी नावाच्या फॉर्म्युल्यातून येतो. मॅब्री केसच्या कोर्टाच्या कागदपत्रांतल्या एका कलमावरून हे नाव पडलंय. हिशोब असा, गाडीच्या किमतीचे १० टक्के ही कमाल मर्यादा, त्याला नुकसानीच्या गुणकाने गुणायचं, म्हणजे स्ट्रक्चरचं गंभीर नुकसान असेल तर १, मध्यम असेल तर ०.५०, किरकोळ ०.२५, आणि मग मायलेजचा गुणक, २०,००० मैलांच्या आत १, त्यापुढे ०.८ आणि असं उतरत उतरत १,००,००० मैलांनंतर थेट शून्य.

९०,००० डॉलरची गाडी, १२,००० मैल, मध्यम नुकसान धरा. १० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले ०.५०, गुणिले १, आले ४,५००. तीच गाडी २५,००० मैल चाललेली असेल तर ३,६००. आता गंमत नाही, खरंच विचार करा, १० टक्क्यांची मर्यादा आली कुठून? बाजारात अशी मर्यादा नाहीये. मायलेज तर दोनदा कापलं जातं, कारण गाडीची मूळ किंमत काढतानाच मैल धरलेले असतात. वर मूळ किंमत काढताना पर्यायी गोष्टी निसटतात, सिरॅमिक ब्रेक, खास मागवलेला रंग, कॉर्वेटचं झेड५१ पॅकेज, हजारो डॉलरच्या या गोष्टी अ‍ॅडजस्टरच्या स्क्रीनवर दिसत नाहीत. हा फॉर्म्युला कुठल्या राज्याने सगळ्यांवर लादलेला कायदा नाही, कंपनीच्या सोयीचा हिशोब आहे एवढंच, आणि तो नाकारायचा पूर्ण हक्क तुम्हाला आहे.

तरी ऑफर घ्यावी असे प्रसंग आहेत. बंपरच्या कव्हरला ओरखडा, पॅनल बदललं नाही, गाडी आधीच एकदा ठोकलेली होती, किंवा मैल खूप झालेत, तर जे देतायत ते घेऊन मोकळं व्हा. पण चेक घेण्याआधी सोबतचा रिलीजचा कागद वाचा, त्यात प्रॉपर्टीचे सगळे क्लेम मिटले असं असेल तर डीव्ही पण गेला. रिपेअरच्या चेकबरोबर असा कागद आला तर सही करू नका, फक्त रिपेअरपुरता बदलून मागा.

स्वतःचा अ‍ॅप्रेझर आणि डिमांड लेटर

माझ्या मते बहुतेक स्पोर्ट्स कारवाल्यांसाठी हाच रस्ता बरोबर आहे. स्वतंत्र अ‍ॅप्रेझरला, म्हणजे गाडीची किंमत काढून देणाऱ्या तज्ज्ञाला, काही शे डॉलर जातात, आणि कंपनीच्या ४,५०० समोर तुमच्याकडे बाजारातला खरा आकडा लेखी येतो. पण अ‍ॅप्रेझर निवडताना हात आखडू नका, नुसता ऑनलाइन फॉर्म भरून घेऊन टक्का काढून देणारे खूप आहेत, त्यांचा रिपोर्ट अ‍ॅडजस्टर दोन मिनिटांत बाजूला ठेवतो. तुम्हाला असा माणूस हवा ज्याला तुमचं मॉडेल माहीत आहे, जो रिपेअरचं शेवटचं, मधे वाढलेल्या कामासकटचं बिल वाचतो आणि गरज पडली तर कोर्टात येऊन बोलेल. त्याला आधीच विचारा की साक्ष द्याल का आणि त्याचे किती घ्याल.

रिपोर्टमध्ये काय असायला हवं ते सांगतो. एक तर तुलनेच्या विक्री, तेच वर्ष, तेच ट्रिम, जवळपास तेवढेच मैल, अपघात नसलेल्या आणि असलेल्या. स्पोर्ट्स कारमध्ये हे मिळतं कारण ब्रिंग अ ट्रेलरसारख्या लिलावांचे आकडे सगळ्यांना दिसतात आणि तिथे अपघाताची नोंद लपत नाही. दुसरं म्हणजे दोन-तीन डीलरचं लेखी कोटेशन, अपघाताआधी ही गाडी असती तर किती आणि आता किती. समजा डीलर ९०,००० च्या ऐवजी ७८,००० लिहून देतो, तर १२,००० हा आकडा कोणाच्या फॉर्म्युल्यातून आलेला नाही, बाजारातून आलाय. तिसरं, गाडीच्या बांधणीबद्दल दोन ओळी. सी८ कॉर्वेटचं स्ट्रक्चर अ‍ॅल्युमिनियमचं आहे, मॅकलारेनचा टब कार्बन फायबरचा, अशा गाडीत स्ट्रक्चरला हात लागला की घेणारा कितीही सर्टिफिकेट दाखवलं तरी घाबरतो, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्टिफाइड प्री-ओन्ड, म्हणजे तपासून विकायच्या वापरलेल्या गाड्यांच्या, योजनेत तर स्ट्रक्चर डॅमेजवाली गाडी घेतच नाहीत, म्हणजे डीलरला ती जास्त भावाने पुढे विकता येत नाही. विंडो स्टिकर, म्हणजे नवी असतानाची किंमत आणि पर्याय लिहिलेला कागद, जोडा, अपघाताआधीचे फोटो जोडा.

मग डिमांड लेटर, म्हणजे कंपनीकडे रक्कम मागणारं पत्र, एक पान पुरे, तारीख, क्लेम नंबर, आकडा, जोडलेले कागद, आणि उत्तर द्यायला मुदत. चिडून लिहू नका. अ‍ॅडजस्टरला त्याच्या वरच्याला दाखवायला कागद लागतो, तो तुम्ही दिलात की आकडा वर सरकतो. नॉर्थ कॅरोलिनात तर कायद्यातच सोय आहे, दोघांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर दोन्ही बाजू आपापला अ‍ॅप्रेझर नेमतात आणि त्यांचं जमलं नाही तर तिसरा पंच ठरवतो.

रिपेअरच नीट झालं नसेल, पॅनलचा गॅप वेडावाकडा, रंग ढगाळ, तर तो वेगळा विषय, आधी शॉपकडून वॉरंटीत दुरुस्त करून घ्या. ते डीव्हीत मिसळलं की कंपनी म्हणते शॉपकडे जा, आणि सगळंच अडकतं.

स्मॉल क्लेम्स की वकील

लेटरला नकार आला किंवा अगदीच थोडं वाढवलं तर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट. कॅलिफोर्नियात एका व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतं, जॉर्जियाच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात १५,०००, टेक्सासच्या जस्टिस कोर्टात २०,०००, फ्लोरिडात ८,०००. बहुतेक ठिकाणी केस ड्रायव्हरवर टाकायची असते, त्याच्या इन्शुरन्स कंपनीवर नाही, नाव चुकलं की तारीख फुकट जाते. केस दाखल झाली की कंपनीला आपल्या ग्राहकाचा बचाव करायला माणूस पाठवावा लागतो, त्यामुळे काही प्रकरणं तारखेआधीच मिटतात. वकील लागत नाही, फी कमी, पण मेहनत तुमची आणि अ‍ॅप्रेझरला आणायचा खर्चही तुमचा.

वकील तेव्हाच, जेव्हा नुकसान स्मॉल क्लेम्सच्या मर्यादेच्या बरंच वर आहे आणि समोर लिमिटही तेवढं आहे. पोर्शची जीटी३ किंवा मर्यादित संख्येत निघालेली गाडी, डीव्ही ३०,००० च्या वर, समोरचा एखाद्या कंपनीचा ट्रक, अशी केस वकिलाची. वकील बऱ्याचदा मिळालेल्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा घेतो, म्हणजे ९,००० च्या क्लेममधून ३,००० गेले, अ‍ॅप्रेझरचे वेगळे, मग हातात येणारं कधीकधी शांतपणे वाटाघाटी करून मिळालं असतं तेवढंच. अपघातात कोणाला इजा झाली असेल आणि त्यासाठी वकील आधीच असेल तर त्यालाच विचारा, कारण एकाच अपघाताचे दोन क्लेम दोन माणसांनी वेगवेगळ्या दिशेने चालवले तर रिलीजच्या कागदात घोळ होतो.

विकायची घाई करावी का

काही जण म्हणतात आधी गाडी विका, प्रत्यक्ष तोटा दाखवा, मग क्लेम. पुरावा म्हणून ते जोरदार असतं, पण गरजेचं नाही, विकली नाही तरी किंमत उतरलेलीच असते. ज्याला गाडी ठेवायचीच आहे त्याने फक्त क्लेमसाठी विकू नये. वेळेची मर्यादा मात्र आहे, प्रॉपर्टीच्या नुकसानीसाठी टेक्सासमध्ये २ वर्षं, कॅलिफोर्नियात ३, जॉर्जियात ४, न्यू जर्सीत ६, आणि कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही.

गाडी लीजवर असेल तर मालक लीजिंग कंपनी आहे, उतरलेली किंमत कागदोपत्री तिचीच. अ‍ॅप्रेझरला पैसे देण्याआधी लीजिंग कंपनीकडून क्लेम तुमच्या नावावर करायची लेखी परवानगी मागा. लीज संपल्यावर गाडी विकत घ्यायचा विचार असेल तर ही परवानगी अजूनच महत्त्वाची, कारण बायआउटची किंमत अपघातामुळे कमी होत नाही आणि उतरलेली गाडी तुम्ही पूर्ण भावाने घेणार असता.