झेनोडो: तीन किनाऱ्यांचा डेटा एका जागी

मुंबई, रत्नागिरी आणि गोवा अशा तीन ठिकाणच्या माणसांना एकाच डेटावर काम करायचं असेल, तर तयार झालेले तक्ते झेनोडोवर, म्हणजे संशोधनाचा डेटा जपून ठेवणाऱ्या वेबसाइटवर, चढवा, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगते. आमच्या गटाचं काम खडकाळ किनाऱ्यांवरचं. ओहोटीला कार्टर रोडच्या खडकांवर चौकट ठेवायची, वरून फोटो घ्यायचा, आतले शिंपले, बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचाचे जीव), शेवाळ मोजून तक्त्यात भरायचं. बाकी दोन्हीकडेही हीच पद्धत. पूर्वी हे तक्ते मेलवर फिरायचे. गोव्यात एखाद्या प्रजातीचं नाव सुधारलं, तरी रत्नागिरीच्या आलेखात जुनंच राहायचं. मग कुणाचं बरोबर यावर फोनाफोनी.

ती आता थांबली. झेनोडोवर प्रकाशित केलेली फाइल परस्पर बदलता येत नाही, दुरुस्तीसाठी नवी आवृत्ती काढावी लागते. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, मिळतो, शिवाय सगळ्यांचा मिळून एक असतो, तो कायम ताज्या आवृत्तीवर नेतो. आलेखाखाली आवृत्तीचा डीओआय लिहायचाच, हा आमचा नियम. फाइलच्या नावाशीच तिचा एमडी५ चेकसमही दिसतो, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला, तिच्या ठशासारखा एक संकेत. नेट मध्येच तुटलं की विद्यार्थी उतरवलेल्या फाइलचा चेकसम काढून त्याच्याशी ताडून बघतात. जुळला तरच पुढचं काम.

पैसे पडत नाहीत. जिनिव्हाची कणभौतिकीची प्रयोगशाळा सर्न ही सेवा २०१३पासून चालवते आणि फाइली तिच्याच डेटा सेंटरमध्ये राहतात. भारत २०१७पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) शास्त्रज्ञ तिथल्या सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगात आहेत. फाइली अशा संस्थेकडे राहतात, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रकल्पाचं अनुदान संपलं की त्याची वेबसाइट बंद पडते. पण या खडकांवर काय होतं आणि काय गेलं, हे पुढच्या पिढीला ताडून बघता आलंच पाहिजे.

मर्यादा आहेत. एका नोंदीत साधारण ५० जीबी आणि १०० फाइली. आमचे फोटो त्यात सुटे मावत नाहीत, म्हणून जागेनुसार झिप करतो. झिपमध्ये काय आहे त्याची यादी पानावरच दिसते, हे बरं. रोजच्या कच्च्या नोंदींसाठी मात्र ही जागा नाही, त्या संस्थेच्या सर्व्हरवरच बऱ्या. प्रवाळांच्या अचूक जागा असलेली फाइल आम्ही मर्यादित प्रवेशात ठेवली आहे: वर्णन सगळ्यांना दिसतं, फाइल आम्ही परवानगी दिली तरच.

वर्णन लिहिताना हात आखडू नका. चौकट किती सेंटिमीटरची, भरतीची उंची कोणत्या तक्त्यावरून घेतली, मोजणी कुणी केली, सगळं लिहा. काही राहिलंच तर वर्णन नंतरही सुधारता येतं, त्याला नवी आवृत्ती लागत नाही.