मायर्स देऊन शील्ड्स: सौदा कुणाला लाभला?

डिसेंबर 2012, अमेरिकेतलं बेसबॉल. कॅन्सस सिटी रॉयल्स त्या मोसमात 90 सामने हरले होते आणि 1985 नंतर त्यांनी प्लेऑफचं (मोसमाअखेरच्या बाद फेरीचं) तोंड पाहिलं नव्हतं. अशा संघाने मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायरीवर) नुकतेच 37 होमरन (मैदानापारचे फटके) ठोकलेला विल मायर्स टॅम्पा बे रेजला देऊन टाकला. सोबत जेक ओडोरिझी, माइक मॉन्टगोमरी आणि पॅट्रिक लेनर्ड. आले काय, तर पिचर (चेंडू टाकणारे) जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस. रॉयल्सचा जनरल मॅनेजर डेटन मूरवर टीकेची झोड उठली. दर जुलैत कुणीतरी अशीच उमेदीची पोरं देऊन तयार पिचर उचलतो. तेव्हा कुठल्या बाजूने बोलायचं हे ठरवायचं असेल, तर हा सौदा उलगडून पाहावा.

कागदावर रेजचं पारडं जड होतं. शील्ड्सच्या करारात दोनच मोसम उरले होते, नवखा मायर्स मात्र किमान सहा वर्षं स्वस्तात हाताशी राहणार होता. तिजोरी लहान असलेल्या संघाला हेच परवडतं. मायर्सने 2013 मध्ये फक्त 88 सामने खेळून अमेरिकन लीगचा ‘रूकी ऑफ द इयर’ (सर्वोत्तम नवोदित) किताब पटकावलाही. पुढच्या वर्षी मनगट मोडलं, फलंदाजीची सरासरी .222 वर घसरली आणि डिसेंबरात त्याची रवानगी सॅन दिएगोला. सहा वर्षांचा हिशेब दोन वर्षांत गुंडाळला. ओडोरिझी तेवढा कामाला आला.

रॉयल्सना शील्ड्सने दोन्ही मोसमांत सव्वादोनशेवर इनिंग टाकून दिल्या (एक सामना नऊ इनिंगचा). 2014 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (सात सामन्यांच्या अंतिम लढतीत) मात्र त्याने मार खाल्ला, आणि संघ सातव्या सामन्यात हरला.

खरी गंमत डेव्हिसची. 2013 मध्ये त्याला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) करून पाहिलं, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा) 5.32, म्हणजे फजितीच. मग बुलपेनमध्ये (सामन्यात नंतर येणाऱ्या पिचरांत) धाडला. 2014 मध्ये 72 इनिंगमध्ये ईआरए 1.00 आणि एकही होमरन नाही! सातवी इनिंग हेरेरा टाकायचा, आठवी डेव्हिस, नववी हॉलंड. सहा इनिंगनंतर रॉयल्स पुढे असले की समोरच्यांनी गाशा गुंडाळायचा. 2015 मध्ये मेट्सविरुद्ध बाराव्या इनिंगमध्ये विल्मर फ्लोरेसला बाद करून वर्ल्ड सिरीज संपवली ती यानेच.

माझ्या मते मूर बरोबर होता, पण डेव्हिसच्या बाबतीत नशिबाचा वाटा मोठा. मूरच्या बाजूने भक्कम मुद्दा वेगळाच: हॉस्मर, मूस्टाकस, पेरेझ ही घरची पोरं आधीच मेजर लीगमध्ये होती, अडत होतं ते स्टार्टरवाचून. तुमच्या संघाकडे असा कणा तयार असेल तर प्रॉस्पेक्ट (उमेदीची पोरं) द्यायला हरकत नाही. नसेल, तर दोन वर्षांपुरता पिचर घेऊन फार तर चार-पाच सामने जास्त जिंकाल.

मॉन्टगोमरीला रेजने 2015 मध्येच सिएटलला देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी कब्जने 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा तो कब्जकडे होता आणि सातव्या सामन्यातला शेवटचा बळी त्याच्याच चेंडूवर पडला.