कुत्र्यावर हात उचलायची सवय, म्हणून सायकॉलॉजिस्टकडे गेलो

लिहायला लाज वाटतीय पण लिहितो. दुकानातला राग मी घरी येऊन कुत्र्यावर काढायचो, लाथ, पट्टा, काय हाताला येईल ते, आणि एक दिवस माझ्या चपलेचा आवाज ऐकूनच ते स्प्लेंडरखाली जाऊन मुतलं, तवा बायको म्हणाली आता डॉक्टर गाठा. आधी रात्री टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन केला, फुकट आहे, मराठीत बोलतात, त्यांनीच समोरासमोर भेटा म्हणून सांगितलं.

मग कोल्हापुरात राजारामपुरीत एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडं. मला वाटलं शिव्या खाणार, १९६० चा प्राणी क्रूरता कायदा ऐकवतील, पण त्यांनी एवढंच विचारलं, मारायच्या आधी अंगात काय होतं? कान तापतात म्हटलं. मग कान तापले की गेटबाहेर जायचं, रंकाळ्याला एक चक्कर मारायची, पट्टा घरात ठेवायचाच नाही. आणि कुत्रं तोवर बहिणीकडं कागलला, ही अट पहिल्याच दिवशी.

फी ८०० जरा जड आहे, वेटिंग लई, गाडी लावायला जागा नाही. सहा वेळा गेलोय. कुत्रं अजून कागललाच आहे, मॅडम म्हणतात घाई नको.